बारा महिने खंडेनवमी

मी गिटार बोलतेय. आधी हा चंदनाचा हार कोणीतरी काढा, मानेला टोचतो. वर्षभर मी धसईच्या वाचनालयात काचेच्या कपाटात उभी आहे. काचेवर लिहिलंय, 'जिप्सी जॅझ सम्राट लखमा सरांची गिटार. हात लावू नये.'

सम्राट! याच गावाने त्यांना कधी लग्नात वाजवायला बोलावलं नाही. का, तर यांच्या वाजवण्यावर नाचता येत नाही.

मी मूळची परदेशातली. मुंबईच्या एका हॉटेलात माझ्या पहिल्या मालकाला ताल धरणारा जोडीदार हवा होता. त्याने तिथे भांडी घासणाऱ्या लखमाला शिकवलं आणि मायदेशी जाताना मला त्याच्याकडे ठेवून गेला. लखमा मला मांडीवर घेऊन एसटीने मुरबाडला उतरला. पुढे चाळीस वर्षं धसईजवळच्या आपल्या वाडीतल्या अंगणात त्याने शिकवलं.

"वही बंद. माझ्या हाताकडं बघ, कानानं धर." या संगीतात ढोलकी नसते, ताल गिटारनेच धरायचा. पण सगळ्यांना मिरवायचे सूर हवेत, ताल कोणाला नको. कल्याणची मुलं "सर, नोट्स द्या ना" म्हणायची आणि चार दिवसांत पळायची. आमच्या धसईचा दिनेशही त्यातलाच. चार शिकवण्या केल्या, पाचवीला फोटो काढला. आज तो सरांच्या स्मृती समितीचा अध्यक्ष आहे.

टिकली एकटी तानी. दर पावसाळ्याला वीटभट्टीवरून वाडीत परतली की पाय धुऊन थेट माझ्यासमोर. "हे फिरत्या लोकांचं वाजवनं गो," सर तिला म्हणायचे. "आपल्यासारखंच, पोटासाठी फिरनाऱ्यांचं." अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी दिनेशला सांगितलं, "माझ्यामागं ही तानीला द्या. वाजती ठेवा." दिनेशने मान डोलावली. मान त्याची छान डोलते, फक्त तालात डोलत नाही.

सर नवरात्रात गेले. खंडेनवमीला गावात कोयते, नांगर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते आणि तेवढा एक दिवस हत्यार बंद. दिनेशने माझीही पूजा केली, ओलं हळदकुंकू थेट तारांवर! तारा गंजतात, एवढं तरी चार शिकवण्यांत कळायला हवं होतं. दसऱ्याला सगळी हत्यारं कामाला लागली. मी कपाटात गेले.

यंदा दसऱ्याला वाचनालयात सोनं वाटायला गाव जमलं, तेव्हा तानी आली.

"दिनेशभाऊ, पूजा काल झाली. आज हत्यार उचलायचं आसतं. द्या."

"अगो, ती सरांची आठवण हाय."

"मंग वाजूं द्या की तिला."

चारचौघांत नाही म्हणता येईना. त्याने कुलूप काढलं. "एकच गाणं हां."

तानीने पदराने कुंकू पुसलं, तारांत खोचलेली सरांची तार छेडायची जाड पिक काढली, मला सुरात लावलं आणि नुसता ताल धरला. दिनेश मोबाइल धरून वाट बघत राहिला. "सुरू कर ना गो."

"सुरूच हाय."

म्हातारी बाईजा मात्र पायाने ठेका देत होती. मग आणखी पाय हलले. नाचता येत नाही म्हणणारं गाव ते हेच. वर्षाने मला श्वास आला, मी खरंच रडले.

टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला आणि दिनेशने मला परत कपाटात घातलं. "आता पुढच्या दसऱ्याला!"

घाईत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पिक तारांत परत आली नाही, ती तानीच्या कनवटीला गेली. मोठे भक्त हे सरांचे, अजून कोणाला पत्ता नाही.

दिवाळी झाली की तानी भट्टीवर जाईल, ती थेट पावसाळ्याला परतेल. मला हार नको, शाल नको, तानी हवी. किल्ली दिनेशकडे आहे. धसईत उतरून विचारलंत तर त्याचं घर कोणीही दाखवेल. दिवाळीच्या आत जा.