दुसरा खर्डा

"हे जेवायचं टेबल आहे की वर्तमानपत्राचं ऑफिस, देव जाणे," वहिनी पुटपुटली. टेबल पुसता पुसता चिमीच्या अगदी कानाशी येऊन; बाबांना ऐकू जाऊ नये इतकं हळू, आणि चिमीला ऐकू गेल्याशिवाय राहू नये इतकं स्पष्ट. बाबांच्या कोपराभोवतीनं तिनं फडकं असं फिरवलं, जसं फुलदाणीभोवतीनं फिरवावं.

बाबांचं लक्ष नव्हतं. दाढी गुळगुळीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, हातात लाल बॉलपेन, आणि समोर चिमीचा निबंध.

"अर्ध्या तासात उठतील गं वहिनी."

"उठू देत सावकाश. मला काय, मी भाजी मांडीवर घेऊन चिरेन."

चिमी त्रेचाळीस वर्षांची. भावाची मुलं शिकून लांब गेली, स्वतःच्या संसाराला लागली, तरी घरात हिचं नाव चिमीच राहिलं. लग्न राहून गेलं होतं, त्याआधी कॉलेज राहून गेलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे अशा वेळी कुणालाच विचारावं लागत नाही. पुढे तिनं चष्म्याच्या दुकानात काउंटर धरला, नंबर तपासायला शिकली, आणि यंदा एकदाचं कॉलेजात नाव घातलं. दुपारचे वर्ग. त्यातला एक लेखनाचा. पहिल्या दिवशी ती दारातून आत आली आणि सगळा वर्ग तिला बाई समजून उभा राहिला. खऱ्या मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून पोरं तिला काकू म्हणायची, मॅडम ताई म्हणायच्या.

घरात या कॉलेजचा खरा आनंद झाला तो बाबांना. बाबा आयुष्यभर वर्तमानपत्रात उपसंपादक होते. बातमीदार त्यांना समोर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे कात्री. चिमीनं शाळेत असताना एकदा लिहिलं होतं, 'आमच्या घरातील वातावरण अत्यंत आनंदी व खेळीमेळीचे आहे.' बाबांनी त्यावर एक आडवी रेघ मारली.

"खेळीमेळी मला दिसत नाहीये. तुला काय दिसतं ते सांग."

तिनं बराच वेळ विचार केला. "आई भांडी घासताना गाते, आणि तुम्ही तिचे शब्द दुरुस्त करता."

"हे लिही," बाबा म्हणाले. आई आतून ओरडली होती, "खबरदार!"

आई गेल्यावर बाबांनी दाढी करणं सोडलं होतं. दुपारी बारापर्यंत अंथरुणात, मग खिडकीत. चिमीनं कॉलेजचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ करून टेबलाशी हजर. "खर्डा आधी माझ्याकडे. कात्री फुकट आहे." दादाला इतकं बरं वाटलं की त्यानं लाल पेनांचं पाकीटच आणून दिलं.

मॅडमची पद्धत अशी होती की प्रत्येक लेख दोनदा द्यायचा. आधी पहिला खर्डा, आठवड्यानं दुसरा, दोन्ही एकत्र टाचून. गुण लेखाला नव्हतेच. "पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तुम्ही किती चालून आलात, ते मी बघणार," मॅडम म्हणाल्या होत्या.

आणि चिमी उलटी चालत होती.

तिनं दुकानातलं एक म्हातारं जोडपं लिहिलं होतं. बाईंना नवा चष्मा चढवला, चिमीनं आरसा पुढे केला, पण बाईंनी आरशात बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

बाबांनी नेमकं तेच कापलं. समासात खणखणीत अक्षरात लिहिलं, 'पाल्हाळ'. आणि ठेवलं काय, तर 'त्यानंतर त्यांनी डबी घेतली व ते दोघे निघून गेले.'

"बाबा, हे वाक्य जरा..."

"काय?"

"काही नाही."

"वाईट वाटलं ना? बातमीदारांनाही वाटायचं. सकाळी छापून आलं की गप्प बसायचे."

तीही गप्प बसली. म्हटलं, असेल. इतकी वर्षं याच कामात घालवलेला माणूस आहे, आपल्याला काय अक्कल. पण पुढच्या लेखात बाबांनी एक परिच्छेद मधोमध तोडला, आणि त्याच्या पुढच्यात सगळी नावं ठेवून सगळी क्रियापदं उडवली. तेव्हा ती पान बघायचं सोडून बाबांकडे बघायला लागली. दुकानात गिऱ्हाइकाला वाचायला कार्ड दिलं की ती कार्डाकडे कधीच बघत नाही, डोळ्यांकडे बघते. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून सरकतात, टोकाला जातात, परत येतात. बाबांचे डोळे एका जागी थांबलेले होते. पेन मात्र ठरावीक अंतरानं खाली येत होतं, जिना उतरल्यासारखं.

तिनं त्यांना दुकानात नेऊन नंबर तपासला. होता तोच होता.

"वाढलाय ना?" दादानं दारातच विचारलं.

"थोडासा," चिमी म्हणाली.

"तेच मी म्हणतोय! चष्म्याचंच आहे सगळं." दादाचे खांदे एकदम सैल झाले. नवा चष्मा आला. पुढे काड्या टोचतात म्हणून आणखी एक आला. बाबा दुपारच्या जेवणानंतर पुन्हा जेवायला बसले, तरी वहिनी म्हणाली, घड्याळातले काटे दिसत नसतील. घरातल्या तिघांनी मिळून सगळा भार त्या चष्म्याच्या दोन काड्यांवर टाकला होता.

बाबांनी कापलेलं तसंच उतरवून चिमी ते दुसरा खर्डा म्हणून नेऊन देत राहिली. न द्यायला काय झालं होतं? पण संध्याकाळी बाबा विचारायचे, "काय म्हणाल्या तुझ्या मॅडम? कात्री लागली का बरोबर?" त्या खर्ड्यासाठी हा माणूस दाढी करत होता. खर्डा काढून घेतला तर परत खिडकी.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. "ताई, ती बाई कुठे गेली हो?"

"कोण?"

"चष्मा लावून नवऱ्याकडे बघणारी. पहिल्या खर्ड्यात होती. स्टाफरूममध्ये मी एकटीच हसले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि दुसऱ्यात काय? आली, डबी घेतली, गेली."

"पाल्हाळ वाटला."

"कुणाला?"

चिमीनं पिशवीचा बंद उगीचच गुंडाळला.

"दुसरा खर्डा कोण लिहितं, ताई?"

"मीच."

"मग पहिला कोण लिहितं?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "आता एकच लेख राहिलाय. तोही असाच आला, तर मला तुम्हाला पास करता येणार नाही. पण पासाचं एक वेळ सोडा. तुम्हाला लिहिता येतं. ते असं पुसून टाकू नका."

रात्री जेवताना चिमीनं विषयाला हात घातला. बाबा उठून गेले होते. "दादा, बाबांचं जे तपासणं चाललंय ना, ते मला जरा..."

"उजेड कमी पडतो तिथं," दादा पटकन म्हणाला. "मी दिवा बदलतो."

वहिनीनं नळ मोठा सोडला. भांड्यांवर पाणी इतकं आपटायला लागलं की पुढचं बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

मग चिमीनं एक लबाडी केली. म्हाताऱ्या जोडप्याचा पहिला खर्डा रेघांशिवाय पुन्हा उतरवून ती दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि त्याच्या प्रती काढून आणल्या. रोज सकाळी त्यातली एक बाबांपुढे ठेवायची. "नवा लेख, बाबा." बाबा गुंडी लावून बसायचे. एके दिवशी नवरा उडायचा, एके दिवशी आरसा. एखाद्या दिवशी सगळं शाबूत राहायचं आणि समासात 'उत्तम' यायचं. ती म्हणायची, मॅडमना फार आवडलं. घरात कुणीच काही विचारलं नाही. टेबलावर रोज तेच पान आहे हे वहिनीला दिसत नव्हतं असं नाही.

शेवटचा लेख तिनं एकटीनं लिहिला, काउंटरमागे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. आईच्या आजारपणावर. पहिला खर्डा चांगला चार पानं रडला होता. दुसऱ्याला बसली तर कानाशी बाबांचाच जुना आवाज: हे दुःख मला दिसत नाहीये, तुला काय दिसतं ते सांग. तिनं रेघ मारली. आणखी एक मारली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ती कापत होती. उरलं ते एक पान. आईला केस विंचरून हवे होते, चिमी दुकानातून यायची होती, म्हणून बाबांनीच फणी घेतली. भांग वाकडा पडला. आई म्हणाली, राहू दे, कात्रीपेक्षा बरं. एवढंच.

मॅडमनी तो वर्गात वाचला. पुढची एक मुलगी वळून म्हणाली, "काकू, चार पानांचं एक कसं केलंत हो?"

"आमच्या घरी शिकवतात," चिमी म्हणाली.

आणि जिन्यात येऊन कठड्याला धरून ती रडली. बाबांच्या ऑफिसात सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे पेन खाली ठेवून म्हणायचं, 'जाऊ दे छापायला.' तिला ती कधी मिळाली नव्हती. आज मिळाली असती. या पानाला त्यांनी हात लावला नसता. ज्यानं हात लावला नसता तो माणूस घरी टेबलाशी बसलेला होता, आणि नव्हता. तिला आता लिहिता येत होतं, आणि ज्याला दाखवायचं त्याला दाखवण्यात अर्थ उरला नव्हता. ते पान तिनं घडी करून पर्समध्ये टाकलं, घरी कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी दादा घरी होता. वहिनी टेबलाच्या टोकाशी शेंगा निवडत होती. चिमीनं रोजच्यासारखी प्रत ठेवली, समोरची खुर्ची ओढली. "नवा लेख, बाबा."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

"हे पान तू कालही दिलंस."

वहिनीचे हात थांबले.

"नाही हो, हे नवीन..."

"त्याच्या आधीही दिलंस. वाचून नाही ओळखलं मी." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. झेरॉक्सच्या काचेवरचा काळा ठिपका होता, छपाईत उतरलेला. "हा रोज इथंच असतो."

"बाबा," दादा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "तुमचा चष्मा..."

"चष्मा चांगला आहे रे. तिनं चांगलाच दिलाय."

चिमीला पानावरचा ठिपकासुद्धा नीट दिसेना.

"मग रोज तपासत का होतात, बाबा?"

"तू समोर बसतेस ना. कामावर जायच्या आधी." बाबांनी पेन तिच्या बाजूला सरकवलं. "आणि इतक्या मेहनतीनं खोटं बोलत होतीस. मोडवेना मला." मग त्यांनी विचारलं, "माझ्या रेघांनी तुझं काही बिघडलं का गं?"

"नाही."

"बिघडलं असणार." त्यांनी एकेकाकडे बघितलं, दादाकडे, वहिनीकडे, चूक कुणाची आहे हे सांगायच्या आधी ते ऑफिसात बघत असतील तसं. "अक्षरं कळतात. शब्दही कळतो एखादा. ओळीच्या टोकाला पोचतो, तोवर मागचं गेलेलं असतं. परत जातो, तर पुढचं जातं. मी अंदाजानं रेघा मारायचो, चिमे. मला आता वाचता येत नाही."