हमीचं कलम

थोरली लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा खरेदी खात्यातले हेडक्लार्क दाढी करत होते. एका गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "या वेळी काय?"

"खोकला," ती म्हणाली आणि खोकली. पुराव्यादाखल.

तिच्या सासरची रीत सरळ होती. सून आजारी पडली की माहेरी, बरी झाली की परत. औषधपाणी माहेरचं. लग्न ठरवताना व्याह्यांनी हे सांगितलं, तेव्हा हेडक्लार्कना त्यात वावगं वाटलं नव्हतं. उलट ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं बरंच वाटलं होतं. सरकारी खरेदीच्या प्रत्येक करारात ते स्वतः हेच कलम घालत: वस्तू बिघडल्यास पुरवठादारानं ती स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावी. फरक एवढाच, की पंपाला वर्षाची मुदत असे. लेकीच्या लग्नात मुदत घालायची राहून गेली होती.

त्या दिवशी ऑफिसात त्यांचं लक्ष लागेना. उठत, खिडकीशी जात, परत बसत. तेवढ्यात पंपवाला आला. पाणीपुरवठ्याचा पंप जळाला होता आणि फुकट दुरुस्तीला त्याचा साफ नकार होता.

"साहेब, तुमच्या लोकांनी त्याला घटकाभर बंद ठेवलेलं नाही. कलम वाचा. गैरवापराला हमी लागू नाही."

कलम त्यांनीच लिहिलं होतं. तरी ते पुन्हा वाचून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घरी आले. लेक गाढ झोपली होती. बोटं मात्र कपडे पिळल्यासारखी हलत होती.

खोकला थांबल्याची बातमी कळताच जावई न्यायला आला. खुर्चीच्या काठावर बसून, घरी सगळी कामं खोळंबल्याचं त्यानं सांगितलं.

हेडक्लार्कनी घसा साफ केला. "जावईबापू, गैरवापराला हमी लागू नाही."

जावयाला काही कळलं नाही. लेकीला कळलं; जळालेल्या पंपाची हकीकत तिनं त्यांच्याच तोंडून ऐकली होती. ती आतून आली.

"बाबा, मी पंप नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि मी येत नाही."

जावयानं चहा संपवला. फुकट जाऊ नये म्हणून असावा. मग गेला.

तेव्हापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण खोकल्याची चौकशी करतो. तुम्हीही केली असती.

"बरी झाली ना पोरगी?"

"झाली."

"मग पाठवता कधी?"

जन्मभर कलमांच्या भाषेत बोललेले हेडक्लार्क पिशवी या हातातून त्या हातात घेतात.

"बरी झाली, म्हणूनच पाठवत नाही."