तेवीस नंबरची मतदार

आमच्या वर्गात दोन पक्ष होते, पंखा पक्ष आणि खिडकी पक्ष. पंखा लावला की खिडकीवाल्यांचे कागद उडायचे, खिडकी उघडली की पंखावाल्यांच्या डोळ्यांवर ऊन यायचं. याहून फालतू कारणांवरून पक्ष निघालेत, असं नागरिकशास्त्राच्या बाई म्हणायच्या आणि दरवर्षी निवडणूक घ्यायच्या. जिंकेल त्याचं वर्षभर चालणार.

पंखा पक्ष भोंगीने काढलेला. भोंगी माझ्या बाकावरची. तिने कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या वर्गाला पाठ व्हायचं. गेल्या वर्षी तिने इतका प्रचार केला की ऐन मतदानाच्या दिवशी घसा धरून घरी झोपली आणि पक्ष एका मताने पडला. ते मत पक्षाध्यक्षांचंच होतं.

यंदा सुट्टीत तिला ताप आला. आठ दिवसांत ती गेली.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी मतदार यादी भिंतीवर लावली. गेल्या वर्षीच्या हजेरीवरून उतरवलेली, चाळीस नावांची. तेवीस नंबरला भोंगी.

"हरकती गुरुवारपर्यंत, लेखी," बाई म्हणाल्या. "यादीत नाव आहे तोवर तो मतदार. त्याच्यासाठी पेटी उघडी राहणार."

खिडकी पक्षाचा अध्यक्ष चष्म्या भोंगीचं नाव वगळण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. "तू भर."

"का? तुझा पक्ष संपावर गेलाय?"

"तसं नाही गं. माझ्या अक्षरात बरं नाही दिसणार."

मुलगा चांगला होता. खिडकीवाला असूनही.

अर्जात कारणाचे तीन चौकोन होते: मृत्यू, स्थलांतर, दुबार नाव. दुबार मला चाललं असतं, म्हणजे आणखी एक भोंगी कुठेतरी निघाली असती. पहिल्या चौकोनावर मी अख्खा गणिताचा तास पेन धरून बसले. शेवटी स्थलांतरावर खूण केली.

बाईंनी अर्ज वाचला. "नवा पत्ता?"

"माहीत नाही, बाई."

"मग अर्ज अपूर्ण. नामंजूर." त्यांनी लाल पेनाने तसं लिहिलं, सही ठोकली आणि वळून कोरा फळा बराच वेळ पुसत राहिल्या.

मतदानाच्या दिवशी आचारसंहिता म्हणून पंखाही बंद होता आणि खिडकीही. बुटांच्या खोक्याची मतपेटी. बोटांना शाई लावायला आणि यादीत खुणा करायला मी. वीस मिनिटांत एकोणचाळीस मतं पडली.

"बाई, झालं सगळ्यांचं. पेटी उघडा ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"तेवीस नंबर बाकी आहे," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मतदान घंटेपर्यंत."

सगळे घामाने निथळत होते आणि दाराकडे बघत होते. मी पेनाचं टोपण काढून बसले. चष्म्याने चष्मा तीनदा पुसला. मधेच शिपाईमामा सूचनेची वही घेऊन दारात आले. त्यांच्याकडे इतक्या आशेने जन्मात कुणी बघितलं नसेल. ते बिचारे "चुकलं हं" म्हणून सूचना न वाचताच परत गेले.

घंटा झाली.

"तेवीस नंबरपुढे लिही, मतदान केलं नाही," बाई म्हणाल्या.

"कारण?"

"या यादीत कारण लिहायला जागा नसते."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात.

मोजणी झाली. खिडकी वीस, पंखा एकोणीस. पुन्हा एका मताने. पुन्हा तिच्याच.

मी फेरमोजणी मागितली. बाईंनी दिली. एकोणीस. मी पुन्हा मागितली. खिडकीवाल्यांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही. चष्म्याने तर स्वतः खोकं उलटं करून झटकलं, तळाशी बोट फिरवून बघितलं. एकोणीसच.

"बाई, अजून एकदा."

गणिताचे सर दारात येऊन उभे होते. ते आत आले नाहीत. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, बाकावर नीट ठोकून सारख्या केल्या आणि पहिलीपासून मोजायला घेतल्या.