चाचणीचा मजकूर

"एक, दोन, तीन, चार," बाळू टेंबे मायक्रोफोनमध्ये म्हणाला. टेबलावरचा बल्ब त्याच्या आवाजाबरोबर उजळत आणि मंदावत राहिला.

"जरा जवळ ये. तोंडात गुळणी धरल्यासारखं काय बोलतोस?"

"कवळी नवी आहे रे. तू बसवून बघ एकदा, मग कळेल."

दाऊद मुकादमने बटण फिरवून ट्रान्समीटर बंद केला. बल्ब विझला. अँटेनाच्या जागी बल्ब जोडून सेट तपासायची ही जुनी रीत. सेटची सगळी ताकद बल्बमध्ये जिरते, आवाज हवेत जात नाही. बल्ब पेटलेला आहे तोवर बोललेलं खोलीतच राहतं.

सेट टेंबेचा होता. पंचाहत्तर साली त्याने स्वतः बांधलेला, व्हॉल्व्हचा, एका माणसाला न उचलणारा. वीस वर्षं माळ्यावर पडून त्याचा ट्रान्सफॉर्मर ओल धरून बसला होता. यंदा टेंबेची मुलगी पद्मजा हौशी रेडिओची परीक्षा पास झाली. विचुंब्याच्या नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर तिने आपलं स्टेशन थाटलं आणि बापाकडे हट्ट धरला, "बाबा, माझ्याशी पहिल्यांदा बोलाल ते तुमच्या जुन्या सेटवरून." असे सेट दुरुस्त करणारा माणूस आसपास एकच उरला होता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी टेंबे खांदा कॉलनीतून रिक्षा करून पनवेलच्या मोहल्ल्यात, दाऊदकडे आला. तीस वर्षांत तो या घराची पायरी चढला नव्हता.

दाऊदने सेट ठेवून घेतला. "तयार झाला की रविवारी आठला तुला हवेवर आणतो," एवढंच म्हणाला.

मग त्याने काम असं केलं, की बघणाऱ्याला वाटावं हा स्वतःच्या लेकीचा रुखवत मांडतोय. ट्रान्सफॉर्मर आठ दिवस पेटत्या बल्बाखाली ठेवून सुकवला. सुकलेले कंडेन्सर बदलले. वीज एकदम दिली तर जुना सेट जळतो, म्हणून ती रोज थोडी थोडी वाढवत नेली. त्याची बायको मुबीना चहाचा कप ठेवताना म्हणाली होती, "दुश्मनाच्या कामात एवढी मेहनत? अल्ला, माझा मिक्सर सहा महिने पडलाय."

"आवाज साफ यायला पाहिजे," दाऊद म्हणाला. "नाहीतर तो काय बोलला ते लोकांना कळणार कसं?"

मुबीना आत वळली. ती तीस वर्षं या माणसाबरोबर राहून उरलेलं सगळं ओळखून होती.

चौऱ्याण्णव साली दाऊद जहाजावरचा रेडिओ ऑफिसर होता. शारजाच्या एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी ठरली होती, बॅगा भरल्या होत्या. त्या आठवड्यात चार माणसं आली, त्याचा सेट उचलून घेऊन गेली आणि चौकशी सुरू झाली. ती सहा वर्षं चालली. काहीच निघालं नाही. तोवर शारजाची नोकरी गेली होती, जहाजावरची गेली होती आणि मोहल्ल्याबाहेरचे मित्र रस्ता बदलून जायला लागले होते. पुढची सगळी वर्षं त्याने बाजारातल्या एका गाळ्यात मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त केले.

सेट परत मिळाला तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात कोणाच्या तरी नजरचुकीने एक झेरॉक्स आली. निनावी तक्रार. दाऊद ती घेऊन घरी आला आणि त्याने आपली कार्डं काढली. दोन स्टेशनं एकमेकांशी बोलली की पुरावा म्हणून हाताने लिहिलेलं कार्ड पाठवायचं, ही या छंदातली पद्धत. टेंबेची एकोणीस कार्डं होती. प्रत्येक कार्डावरच्या सातच्या आकड्याला शेपटीवर एक आडवी रेघ होती. तक्रारीतल्या सातलाही होती.

पण अक्षर जुळण्याच्या आधीच त्याला कळलं होतं, की लिहिणारा रेडिओवाल्यांपैकीच आहे. तक्रारीत वेळ लिहिली होती: ०२३०. हौशी रेडिओवाले वहीत वेळ कायम ग्रीनिचची लिहितात. ग्रीनिचचे अडीच म्हणजे पनवेलला सकाळचे आठ. रविवारी आठ वाजता दाऊद लुंगीवर बसून मस्कतच्या एका दंतवैद्याशी माशांच्या भावाबद्दल गप्पा मारायचा. चौकशीवाल्यांनी वाचलं रात्रीचे अडीच. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "रात्री अडीचला समुद्रापलीकडे कोणाशी बोलतोस?" सहा वर्षं तेच विचारत राहिले.

आता भिंतीवरच्या घड्याळात आठला सात मिनिटं कमी होती.

"आकडे मोजून भागत नाही," दाऊद म्हणाला. "सलग बोलणं पाहिजे. हे वाच." त्याने कागद पुढे सरकवला आणि सेट सुरू केला.

टेंबेने चष्मा वर केला. "मोहल्ल्यात राहणारा दाऊद मुकादम हा इसम ७ मेगाहर्ट्झवर परवानगीहून जास्त ताकदीचा ट्रान्समीटर..."

तो थांबला. बल्ब तेवढाच, एकसारखा जळत राहिला.

"कुठे मिळालं हे?"

"वाच."

"दाऊद, मी..."

"बल्ब जळतोय तोवर इथे आपण दोघंच आहोत. वाच."

टेंबेने वाचलं. पाच ओळींना त्याला दोन मिनिटं लागली. शेवटी 'एक जागरूक नागरिक' म्हणताना बल्ब जेमतेम हलला.

दाऊदने सेट बंद केला. बल्बची वायर काढली आणि गच्चीवरच्या तारेची वायर तिथे घट्ट बसवली.

"आता पुन्हा. पहिल्यापासून."

"पद्मजा ऐकत असेल."

"म्हणून तर."

"तिच्या डोक्यात मी... तुझ्या मांडीवर बसून सांदणं खाल्लीत रे तिने. नाही वाचलं तर?"

"तर तू आणलास तसा सेट परत करून देतो. तासाभराचं काम आहे." दाऊदच्या आवाजात चढ नव्हता. "ओलसुद्धा परत घालून देतो."

टेंबे हसला नाही. "रविवारच्या नेटवर, सगळी स्टेशनं जमायची तिथे, मला तुझ्या जागी बसायचं होतं. सगळे तुझंच ऐकायचे. तुला एखादी नोटीस येईल, महिनाभर गप्प बसशील, एवढंच डोक्यात होतं."

"आणि अडीच?"

"काय अडीच?"

"वेळ. ती मुद्दाम लिहिलीस?"

टेंबेने कागदाकडे पाहिलं. मग त्याचा हात कवळीवर गेला, तोंड झाकल्यासारखा. "सवयीने," तो म्हणाला. "वहीत लिहितो तसं लिहिलं. त्यांनी ते रात्रीचे धरले?"

दाऊदने चोवीस वर्षं या उत्तराची वाट पाहिली होती. मुद्दाम, असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"आठ वाजले," तो म्हणाला आणि सेट सुरू केला.

टेंबेने आपला कॉल, म्हणजे स्टेशनचं परवान्यावरचं नाव, सांगितला. मग कागद, शिकवायला उभा राहिल्यासारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'एक जागरूक नागरिक' पाशी थांबला आणि पुढे म्हणाला, "हे मी लिहिलं होतं. बाळकृष्ण टेंबे. ओव्हर."

रिसीव्हरमध्ये नुसती खरखर आली. रविवारी आठला या फ्रीक्वेन्सीवर सात-आठ स्टेशनं असतात. मग पद्मजाचा आवाज आला. समोरच्याचा सिग्नल कसा आला ते आधी सांगायचं, हा नियम तिने मोडला नाही.

"बाबा, सिग्नल पाच-नऊ. आवाज अगदी स्पष्ट. शब्द न् शब्द कळला." ती थांबली. "दाऊदकाका, तुम्ही तिथे आहात का? ओव्हर."

टेंबेने मायक्रोफोन दाऊदसमोर ठेवला. दाऊदकडे टेंबेसाठी पुष्कळ वाक्यं होती, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. या पोरीसाठी एकही नव्हतं. त्याने मायक्रोफोन उचलला.

"आहे, बेटा. तुझा सिग्नल चांगला येतोय. अँटेना थोडी उंच घे. ओव्हर."

त्याने सेट बंद केला आणि आतली वीज उतरेपर्यंत, नियमाप्रमाणे, दोन मिनिटं हात लावला नाही. दोघंही मीटरचा काटा खाली जाताना बघत राहिले.

"इथेच राहू दे हा," टेंबे म्हणाला. "मला नको."

"तुझा आहे. घेऊन जा. दर रविवारी लाव." दाऊदने झाकणाचे स्क्रू आवळले. "मी ऐकेन. उत्तर देणार नाही."

मुबीनाने खिडकीतून रिक्षा थांबवली. सेट एकट्याने निघण्यातला नव्हता. जिना अरुंद. उतरताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. टेंबे खाली जायला वळला, तोवर दाऊदने उलट पावली दोन पायऱ्या उतरून खालची कड धरली होती.

निम्म्यात टेंबेला धाप लागली. दोघं थांबले. सेट मध्ये, दाऊदच्या छातीला टेकलेला.

"टाकशील," दाऊद म्हणाला. "नीट धर. आतले व्हॉल्व्ह काचेचे आहेत."