वर्षाला दहा पौंड

मी सव्वा पौंडाची लोखंडी चकती बोलते आहे. निदान माझ्यावर तसं कोरलेलं आहे. खरं वजन किंचित कमी आहे, पण ते जरा पुढे सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही बाकीचं ऐकणार नाही, अशी मला भीती वाटते.

माझा जन्म १९८५च्या डिसेंबरात, मिशिगनमधल्या नोव्हाय गावाजवळ, ब्रेक तपासणाऱ्या एका लॅबमध्ये झाला. त्याआधी मी ट्रकच्या ब्रेक ड्रमचा भाग होते. तो ड्रम चाचणीत तडकला. म्हणजे माझ्या आयुष्याची सुरुवातच नापास झालेल्या वस्तूपासून झाली.

माझा मालक चंद्रशेखर त्याच लॅबमध्ये इंजिनिअर. नागपूरचा, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. त्याला बेंच प्रेसचा नाद होता. बाकावर उताणं पडायचं, वजनांचा बार हात लांब करून धरायचा, छातीला टेकवायचा आणि पुन्हा वर ढकलायचा. एवढंच. यात नवीन काही घडत नाही. तरी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं तळघरात जातात.

त्याला तीनशे पंधरा पौंड उचलायचे होते, म्हणजे जवळजवळ एकशे त्रेचाळीस किलो. बारच्या दोन्ही टोकांना तीन-तीन मोठ्या चकत्या लावल्या की तेवढं होतं. त्याच्याकडची सर्वांत छोटी चकती अडीच पौंडांची होती. दोन्ही बाजूंना एकेक चढवली की एकदम पाच पौंड वाढत, आणि त्याच्या छातीला ते पाच पेलत नसत. म्हणून त्याने सव्वा-सव्वा पौंडाच्या दोन करवून घेतल्या. मी आणि माझी बहीण.

लेथवर कॅझ होता. पूर्ण नाव कॅझिमिर. साठीला टेकलेला, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. तरुणपणी तोही वजनं उचलायचा. चंद्रशेखरने त्याच्यापुढे एक ग्राफ पेपर पसरला.

"दर आठवड्याला अडीच पौंड. अठरा आठवड्यांत तीनशे पंधरा. मे महिन्यात."

"आत्ता किती आहे?"

"दोनशे सत्तर."

"गेल्या वर्षी?"

"दोनशे साठ."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"अडीचशे."

कॅझने लेथ बंद केला. "मग या वर्षी वेगळं काय आहे?"

"या वर्षी ग्राफ आहे," चंद्रशेखर म्हणाला.

कॅझने ग्राफवरची रेघ बोटाने पुढे हवेत वाढवली. "या चालीने पुढच्या नाताळात चारशे. नव्वद साली तू माझा ट्रक उचलशील. बाबा रे, तुझ्या वयाला वर्षाला दहा पौंड मिळाले, तर चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लाव. घाईच असेल तर हल्ली तो घट्ट शर्ट निघालाय. अंगात घातला की वीस पौंड फुकट."

"शर्टाने उचललेलं शर्टाच्या नावावर जातं," चंद्रशेखर म्हणाला. "मी नुसत्या बनियनवर उचलणार."

गंमत अशी, की लॅबमध्ये चंद्रशेखरचं कामच मुदती ठरवण्याचं. कुणी सहा आठवड्यांत चाचणी संपवतो म्हणालं, की तो वहीत दहा लिहायचा, आणि अकरा लागायचे. त्याचा अंदाज एकाच माणसाच्या बाबतीत चुकायचा.

मग आम्हाला लॅबच्या काट्यावर ठेवलं. बहीण भरली पाचशे सदुसष्ट ग्रॅम, बरोबर सव्वा पौंड. मी भरले पाचशे सहासष्ट पूर्णांक सहा. चार दशांश ग्रॅम कमी. कॅझ म्हणाला, "माशीचं वजन." तरी ओळख राहावी म्हणून त्याने माझ्यावर पंचने एक ठिपका मारला.

तेव्हापासून ते चार दशांश माझ्या मनातून गेलेले नाहीत. बार अडला की वाटतं, माझ्यामुळे तोल गेला असेल. बार वर गेला की वाटतं, मी हलकी म्हणून गेला असेल. बारवरच्या मोठ्या चकत्या छापलेल्या आकड्यापेक्षा अर्धा-अर्धा पौंड इकडेतिकडे आहेत. त्यांना कसलीच चिंता नाही.

चंद्रशेखरच्या घरी, बेसमेंटमध्ये, माझी उत्तराशी ओळख झाली. त्याची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली. तेराव्या वर्षापासून ती बाकाच्या डोक्याशी उभी राहायची. बार अडला तर तो धरायला कुणीतरी मागे लागतंच. त्याची बायको पद्मजा हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझ्याकडे माणसं येतात ती सगळं उरकल्यावर. तसे आलात तर बघीन." म्हणून उत्तरा. बारखाली तळवे धरून ती म्हणायची, "अप, बाबा, अप," आणि आवाजात इतका कंटाळा, की बार वर न जाण्याची सोयच नसायची.

आणि त्या ऑगस्टात उत्तरा कॉलेजसाठी नॉर्थ कॅरोलिनाला जाणार होती. चोवीस तारखेला. ग्राफवर त्या तारखेवर लाल उभी रेघ होती. मे महिन्याचं तो सगळ्यांना सांगायचा; खरी मुदत ती रेघ होती. उत्तरा मागे उभी असताना एकदा तरी तीनशे पंधरा वर जायला हवे होते. हे तो कुणाला बोलला नाही. पण चकत्यांना हाताचा घाम कळतो.

मे आला आणि गेला. रेघ ग्राफच्या वरच्या कडेला पोहोचली, आणि चंद्रशेखर दोनशे ऐंशीवर.

तेवीस ऑगस्टला, शनिवारी सकाळी, त्याने आम्हाला बारवरून काढलं आणि तीन-तीन मोठ्या चकत्या चढवल्या. मी जमिनीवरून बघत होते.

जिन्यावरून पद्मजा म्हणाली, "अहो, इन्शुरन्सचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत तेवढं सांगा, आणि मग झोपा त्या बाकावर."

तो झोपला. डोक्याशी कुणी आलं नाही. उत्तरा समोरच्या खोक्यावर बसली होती.

"ये ना, बेटा."

"नो. मी नाही पकडणार हे."

"एकदाच."

"बाबा, काल टू-एटी-फाइव्ह तुमच्या चेस्टवर बसलं होतं. मी ओढून काढलं. हे मला ओढता येणार नाही. आय मीन इट."

तो उठून बसला. "उद्या तू जाणार," तो म्हणाला.

"हो, पण परत येणार ना! थँक्सगिव्हिंग, क्रिसमस, स्प्रिंग ब्रेक, समर. फोर टाइम्स अ इयर. प्रत्येक वेळी अडीच पौंड. मी असतानाच वाढवायचं, मी नसताना नाही. किती होतात?"

"दहा," चंद्रशेखर म्हणाला. त्याला कॅझ आठवला असावा.

त्याने भिंतीवरचा ग्राफ काढला, उलटा केला आणि पाठीमागे चौकोन आखले. चौदा भेटी. शेवटच्या चौकोनात लिहिलं: नाताळ १९८९, ३१५.

"दॅट्स लाँग," उत्तरा म्हणाली.

"रिअॅलिस्टिक आहे," तो म्हणाला, शिक्षा वाचून दाखवावी तसा.

उत्तराने खाली वाकून आमच्यातली एक उचलली. "ही मी नेते. म्हणजे मागे चीटिंग नको." तिने पाहून निवडली नव्हती. तिच्या हाती अचूक बहीण गेली. ठिपक्याची मी इथे उरले.

एकट्या चकतीचा काही उपयोग नसतो. एका टोकाला लावली तर बार कलतो. मी पाण्याच्या नळाशेजारच्या फळीवर राहिले. एका हिवाळ्यात माझ्यावर थोडा गंजही आला. चंद्रशेखर रोज खाली येई, झेपेल तेवढंच उचले आणि वर जाई. फळीकडे बघत नसे. तसं तो मुद्दाम करत असावा.

उत्तरा मात्र आली. दर खेपेला बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली माझी बहीण निघे. तिच्यावर कॉफीच्या कपाचे डाग असत. होस्टेलवर ती दार धरून ठेवायच्या कामाला होती म्हणे. निम्म्या खेपांना आकडाच असा असायचा, की आमची गरज नसे, मोठ्या चकत्यांनी भागे. तेव्हा तो आम्हा दोघींना बाकाच्या कडेला शेजारी शेजारी ठेवी. अठ्ठ्याऐंशीच्या स्प्रिंग ब्रेकला ती मैत्रिणींबरोबर फ्लोरिडाला गेली. पद्मजा म्हणाली, "आज मी उभी राहते हवं तर, पण डोळे मिटून." चंद्रशेखर नको म्हणाला. त्याने तो चौकोन रिकामा सोडला आणि पुढच्या सगळ्या तारखा एकेक घर सरकवल्या. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला तीनशे झाले. पद्मजाने शिरा केला.

कालची गोष्ट सांगून थांबते. काल नाताळ, १९८९. एक घर सरकल्यामुळे काल तीनशे साडेबारा होते, म्हणजे आम्ही दोघी बारवर होतो, एकेका टोकाला. उत्तरा डोक्याशी उभी राहिली. आता ती त्याच्याएवढी उंच आहे.

"अप, बाबा, अप."

बार छातीला टेकला, क्षणभर थांबला आणि वर गेला. सहज गेला. माझ्या चार दशांशांमुळे नव्हे, असं मला काल पहिल्यांदाच वाटलं.

"दॅट वॉज ईझी!" उत्तरा म्हणाली. "बाबा, आत्ताच करा ना थ्री-फिफ्टीन. पाच मिनिटं बसा आणि करा. आय हॅव यू."

चंद्रशेखरने टॉवेलने तोंड पुसलं. भिंतीवरच्या उरलेल्या एका चौकोनाकडे पाहिलं.

"नको. मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकला."

"मार्चमध्ये मला जॉब इंटरव्ह्यूज आहेत, बाबा."

"मग एप्रिलमध्ये. तू येशील तेव्हा. घाई नाही."

पद्मजा जिन्यावर होती. ती शिरा भाजायला वर गेली.

आज सकाळी उत्तराने बॅग भरली. माझी बहीण फळीवर माझ्याशेजारीच होती. उत्तरा तिला न्यायला आली, तेव्हा चंद्रशेखर म्हणाला, "पुढच्या खेपेला हिचं काम नाही. तीनशे पंधराला तीन-तीन मोठ्या पुरतात."

"आय नो," उत्तरा म्हणाली, आणि बहिणीला स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवलं.

मी फळीवर आहे. कुणी या बाजूला आलं, तर माझ्यावर एवढं तेलाचं बोट फिरवा. पुढच्या खेपेला मी बारवर नसेन, बाकाच्या कडेला असेन. पण तिथे गंजलेली दिसायला नको.