मंग म्हणणारा

माझी भावजय माणिकबाई मोठ्यानं विचार करायची. मनातल्या मनात हा प्रकार तिला जमतच नव्हता. भाकरीचं पीठ हाताशी चिकटलं की म्हणायची, "चिकटलं. काहून चिकटलं? पाणी निवलं असंन. मंग पुन्हा तापवू." चुलीला सांगायची, पाट्याला सांगायची, गोठ्यातल्या गाईला सांगायची. एकदा गाय दूध चोरायला लागली. सगळ्यांनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. माणिक मात्र गाईपुढं उकिडवी बसून बडबडत राहिली. "वासरू चोखलं. चारा खाल्ला. कास बरी हाय. काल देत होती, आज देत नाई. मंग आज नवं काय हाय?" आणि एकदम स्वतःच्या अंगावरच्या नव्या लुगड्याकडं बघून हसली. जुनं नेसून आली आणि गाय पान्हावली.

या बडबडीला घरात एकच माणूस दाद द्यायचा, तो म्हणजे माझा धाकटा भाऊ चंद्रभान. वैनी बोलताना अडली की तो कुठं का बसलेला असेना, तिथून ओरडायचा, "मंग?" चिडवायला म्हणायचा, पण तेवढ्यानं तिचं अडलेलं सुटायचं. "मंग काय गा, मंग असं..." म्हणत ती पुढं जायची. मी नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली, तोंडाची फटकळ. त्या दोघांना हसून हसून माझं पोट दुखायचं.

थोरला भाऊ खुशालराव हसायचा नाही. सकाळी बाजेवर पडल्या पडल्या बायकोची बडबड ऐकायचा आणि दुपारी पारावर जाऊन तीच अक्कल स्वतःची म्हणून सांगायचा. कोणतं वावर आधी वखरायचं, कोणता बैल विकायचा, सगळं. गावात त्याला शहाणा म्हणत. मी काही बोलले नाही. भावाची अब्रू ती आपली अब्रू.

मग कुठं तरी साता समुद्रापलीकडं लढाई पेटली आणि आमच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खुशालराव गाड्या भरून अमरावतीला जायचा आणि येताना बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, लेकीला, शकुनला गोठ-पाटल्या घेऊन यायचा. सोबत आणखी एक गोष्ट घेऊन आला. अमरावतीच्या पेठेतल्या मोठ्या घरांतल्या बायका कशा असतात, हे तो बघून आला होता. त्यांचा म्हणे आवाज ओट्यापर्यंत येत नाही.

"शकुनची माय," त्यानं एका दुपारी सांगितलं, "आता हे येड्यावानी बडबडणं बंद कर. पोरीले मोठ्या घरी द्याची हाय. लोक म्हनतीन, माय खुळी तर पोरगी कशी असंन?"

"आवं, मी काय कोनाले शिव्या देते? मी इचार करते."

"इचार मनात करते माणूस."

"माह्या मनात थो टिकतच नाई," ती म्हणाली. "तोंड बंद केलं का मागचं सारं पुसून जाते."

त्याला ते बहाण्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पण माणिकनं नवऱ्याचा शब्द पाळला. ओठ हलले की पदराचा काठ दातात धरायची. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. विरजण लावायचं राहू लागलं. ती मध्येच हातात तांब्या घेऊन उभी राहायची आणि आपण कशाला उठलो हे तिला आठवायचं नाही. चंद्रभान लांबून "मंग?" म्हणायचा. ती नुसतं बघायची, आणि त्याचाही चेहरा पडायचा.

दिवाळीनंतर अकोल्याहून पाहुणे आले. किसनराव नावाचे मोठे कापूसवाले, शकुनला बघायला दोन दमण्या भरून माणसं घेऊन आलेले. त्या वर्षांत ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूसच पेरलेला, त्यामुळं ज्वारी सोन्यासारखी झाली होती. आमच्या अंगणात मात्र ज्वारीचं भरलेलं पेव होतं. खुशालरावाला ते पाहुण्यांना दाखवायची हौस आली. जेवणं व्हायच्या आत पेव उघडायचं ठरलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची खोल विहीरच. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. बंद पेवात विषारी हवा साठते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. पण घरातलं पेव उघडायचं काम दरवर्षी माणिकच्या देखरेखीनं व्हायचं, तेही आदल्या दिवशी. ती काठावर उभी राहून म्हणायची आणि चंद्रभान तसं करायचा.

"दगड काढला."

"मंग?"

"मंग वारं जाऊ दे. दिसभर जाऊ दे."

"मंग?"

"मंग दिवा सोड. दिवा जगला तं माणूस सोड."

वर्षानुवर्षं ते असंच चाललेलं. त्यामुळं झालं असं की ते लक्षात ठेवायचं काम कुणाच्या डोक्यात राहिलंच नव्हतं. ते तिच्या तोंडात होतं.

त्या दिवशी ओट्यावर पाहुणे बसलेले. गड्यांनी माती उकरली, दगड सरकवला. मी चुलीवर पुरण घाटत होते. माणिक अंगणाच्या दारात उभी होती. तिची पाठ मला दिसत होती.

"बाई," ती मागं वळून हळूच म्हणाली, "काईतरी राह्यलं."

"काय राह्यलं व?"

"थेच येऊन नाई राह्यलं." तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग अंगणाकडं वळली आणि तिचे ओठ सुटले. "दगड काढला. दगड काढला, मंग..."

ओट्यावरून खुशालराव जोरात खाकरला. मी चुलीपासून त्याचे डोळे पाहिले. तिनं पदर दातात धरला.

चंद्रभान पेवाच्या तोंडाशी दोर कमरेला बांधून उभा होता. त्यानं दाराकडं बघितलं. सवयीनंच. वैनीकडून काही येतं का म्हणून क्षणभर थांबला. काही आलं नाही. म्हणजे सगळं झालंय असंच त्याला वाटलं असणार. पाहुण्यांकडं बघून हसला आणि उतरला.

दोर ओढला तोवर तो गेला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता. खुशालराव त्याच्यामागं उडी टाकायला धावला, चौघांनी त्याला धरलं. अकोल्याचे पाहुणे न जेवता दमण्या जुंपून निघून गेले. ते बरंच झालं.

माणिकला कुणी बोल लावला नाही. खुशालरावालाही कुणी लावला नाही, कारण तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि अशा माणसाला काय बोलणार? मला मात्र राग होता. आजही आहे. माझ्या भावानं घरातलं डोकं कुठं आहे ते ओळखलं नाही, आणि ओळखायचं त्याला काही अवघड नव्हतं. रोज सकाळी बाजेवर पडून तेच तर तो ऐकत होता.

पुढच्या वर्षी पेव उघडायची वेळ आली. तोवर कापसाचे भाव आपटले होते आणि शेंब्याही विकल्या गेल्या होत्या. पाहुणे नाहीत, गडी नाहीत, अंगणात आम्ही तिघंच. खुशालरावानं स्वतः दगड सरकवला आणि बायकोकडं बघितलं.

"बोल," तो म्हणाला. "जसं बोलत होती तसं बोल. मी आइकतो."

ती पदर दातात धरूनच उभी. त्याच्या घरात विचार राहिलाच नव्हता हे त्याला त्या वर्षभरात कळून चुकलं होतं. कोणतं वावर आधी वखरायचं तेही त्याला सुचत नव्हतं.

"बोल न, शकुनची माय. हात जोडतो तुले." आणि तरी ती बोलेना तेव्हा त्यानं घसा साफ केला आणि घाबरत, परक्याची वस्तू उचलावी तसं म्हणाला, "मंग?"

माणिकनं त्याच्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"थो शब्द तुमी नका घेऊ तोंडात," ती म्हणाली.

मग आत गेली. दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन आली, दोरीला बांधला, पेवात सोडला. एक शब्द न बोलता. दिवा खाली जळत राहिला, आणि आम्ही तिघं काठावर बसून राहिलो. उतरायला कुणी उठलं नाही.