विमानाच्या नाकात अक्षता

आधी तुमचा फोटो काढून घ्या. पंखाला मात्र लोंबकळू नका, वेल्डिंग कच्चं आहे. झालं? मग जरा थांबा, चहा यायला अजून वेळ आहे. तोवर मी बोलतो. मी या धाब्यावरचं विमान. दोनच माणसांचं, पण खरंखुरं. पोरं मला पत्र्याचं समजून टकटक वाजवून बघतात. मोठी माणसंही वाजवतात, फक्त आधी इकडेतिकडे बघून घेतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका शहरातल्या शिकाऊ वैमानिकांच्या क्लबात आलो. कितीतरी पोरापोरींनी माझ्यावर हात साफ करून घेतला. कुणी मला धाडकन आपटलं, कुणी माझ्यातच ओकलं. पुढे ती सगळी मोठमोठ्या विमानांवर गेली आणि एकानंही वळून विचारलं नाही. माझं नशीब शाळेतल्या मास्तराचं, शिकवायचं आपण आणि वर जायचं दुसऱ्यांनी.

मी म्हातारा झाल्यावर मला बद्रीनाथशेठनी विकत घेतलं. वडीगोद्रीचे जुने जमीनदार, आता बियाण्याच्या धंद्यात. पन्नाशीत त्यांना उडायची हौस सुटली. परवाना काढला, शेतातला एक लांब पट्टा सपाट करून मुरूम टाकला आणि मला तिथे आणून बांधलं. दर रविवारी संभाजीनगरहून एक निवृत्त वैमानिक यायचे आणि शेठच्या पोराला, अंगदला, शिकवायचे. बाकीचे दिवस शेठ पाहुण्यांना हिंडवायचे. शहागडपर्यंत जायचं, गोदावरीवर एक घिरटी घालायची आणि परत. खाली एवढी मोठी नदी पसरलेली, पण एकानंही ती पाहिली नाही. वर गेलेला प्रत्येक जण स्वतःच्याच घराचं छप्पर शोधायचा, आणि ते सापडलं की शेजाऱ्याच्या छपराशी ताडून बघायचा.

माझी देखभाल संघपालकडे होती. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा हा पोरगा. बाप, कडूबा, मजुरी करता करता गेला. आई मालनबाईनं रोजंदारीवर पोराला शिकवलं, आणि विमानदुरुस्तीचा परवाना मिळवणारा तो त्या गावातला पहिलाच. माझा प्रत्येक बोल्ट तो हातानं तपासायचा. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं त्यानं कधी लिहिलं नाही. शेठ वैतागायचे, "आरं, कर की सही जल्दी, पाहुणे खोळंबून राह्यले!" तो मान न उचलता म्हणायचा, "बघून झालं की करतो." खरं सांगतो, मलाही तो आवडायचा नाही. मला नटायची हौस, आणि हा माझ्या अंगावर साधी फुलांची माळसुद्धा टिकू द्यायचा नाही.

माझ्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी आहे. धावताना तिच्यात वारा शिरतो आणि आतला काटा वेग दाखवतो. नळी बुजली की काटा मरतो, आणि काटा मेला की चालवणारा आंधळा. म्हणून मी उभा असताना संघपाल त्या नळीवर लाल कापडाची टोपी चढवून ठेवायचा.

मग दसरा आला. संघपाल दरवर्षी त्या दिवशी आईला घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचा. जाताना शेठना बजावून गेला, "मी आल्याबिगर उडवू नका."

"बिलकुल न्हाई," शेठ म्हणाले.

सकाळी शेठच्या आई, झुंबरबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या. ऐंशीची म्हातारी, मनानं निर्मळ. ट्रॅक्टर, फवारणीचं यंत्र, जीप, सगळ्यांना हळदकुंकू लावून शेवटी माझ्याकडे वळल्या. लाल टोपी दिसली तशा म्हणाल्या, "सणाच्या दिवशी हे चिरगूट कशाला बांधलंय गं बाई?" ती काढून फेकली. खालची नळी निरखून पाहिली. "हे नाक दिसतंय ह्याचं." आणि ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता त्यांनी चिमटीनं माझ्या नाकात नीट दाबून भरल्या.

मला कळत होतं. पण गळ्यात झेंडूचा हार होता, समोर नारळ फुटत होता, अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. त्या सकाळी मला संघपालची आठवणसुद्धा आली नाही, आणि आली असती तर मी ती झटकली असती.

गर्दी बघून शेठना राहवेना. अंगदला शेजारी बसवलं आणि मला पळवायला सुरुवात केली. काटा शून्यावरच. काटा हलला नाही तर थांबायचं, हा विमानविद्येतला पहिला धडा, तो अंगदलासुद्धा पाठ होता. "पप्पा, काटा हलून न्हाई राह्यला!"

दोन्ही बाजूंना आपट्याची पानं घेतलेले सोयरे उभे होते. त्यांच्यादेखत थांबणं शेठना जमलं नाही. "गप बस," ते म्हणाले, आणि आम्ही वर गेलो.

उतरताना वेगाचा अंदाज चुकला. मी पट्टा सोडून कपाशीत घुसलो. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, पोटाखालचा सांगाडा पिचला. अंगदच्या कपाळाला चार टाके पडले. शेठना खरचटलंही नाही.

लोक अंगदला घेऊन दवाखान्यात गेले. शेठ मागे राहिले आणि माझ्यापाशी एकटेच आले. त्यांनी अगरबत्तीची काडी घेतली, माझी नळी कोरून कोरून साफ केली, पुसली. मग पाना घेऊन नळीतला वारा काट्यापर्यंत नेणारा आतला पाइप दोन आटे ढिला केला. घाम पुसला आणि घरी गेले. झुंबरबाई दारातच बसल्या होत्या. "माझं काई चुकलं का रं, बद्री?" त्यांनी विचारलं. "तुझं काय चुकायचंय, आई? मेकॅनिकनं घोळ केला," असं त्यांनी सांगितल्याचं पुढे सगळ्या गावाला माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी संघपाल आला. माझ्याभोवती फिरला, नळीत वाकून पाहिलं, बारीक तार घालून वळणाच्या आतून काहीतरी ओढून काढलं. तांदळाचा एक लाल दाणा. आता तो दाणा खिशात घालून त्यानं विमान खात्यातून चौकशीला येणाऱ्या साहेबांची वाट बघायची की नाही? पण सरळ माणसाला वाटतं, आधी मालकाला दाखवावं.

"शेठ, हे नळीत व्हतं. पाइप मी बराबर आवळला व्हता."

शेठनी दाणा त्याच्या तळहातावरून उचलला. "देवाची अक्षता हाय. अशी हातात धरत्यात का?" असं म्हणून स्वतःच्या डोक्यावर टाकली आणि केसांवरून हात फिरवला.



"आईला कळलं तर ती अन्नपाणी सोडल," शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "तुला दुसरीकडं कुठंबी चिकटवून देतो. फक्त पाइप ढिला राह्यला म्हन."

"तुमची आई हाय, तशी मला बी आई हाय, शेठ." त्यानं नकार दिला.

नकारानं काही अडलं नाही. साहेब आले. नळी स्वच्छ, पाइप ढिला, कागदावर सही संघपालची. संघपालनं अक्षतांची गोष्ट सांगितली तर साहेब हसले. मग अंगदला विचारलं, काटा बंद कधी पडला? कपाळावरची पट्टी चाचपत अंगद म्हणाला, "वर गेल्यावर." त्या दोन शब्दांनी शेठ सुटले आणि संघपालचा परवाना गेला. तो आता अंबडला ट्रॅक्टरच्या गॅरेजात राबतो. अंगद पुढच्या शिक्षणाला मोठ्या शहरात गेला, म्हणजे माझा आणखी एक विद्यार्थी वर चढला.

माझं इंजिन विकलं. उरलेला मी शेठच्या या नव्या धाब्यावर आलो. माझ्याखाली एक पाटी लावली: 'मेकॅनिक संघपाल कडूबा याच्या हलगर्जीपणामुळे हवेत बिघाड झालेले हे विमान मालक-पायलट बद्रीनाथशेठ यांनी प्रसंगावधान राखून उतरवले.' लोक पाटी वाचतात, च्यक्‌च्यक् करतात आणि मिसळ मागवतात.

मागच्या महिन्यात शहागडचं एक लग्न आटोपून हसनाबादच्या बायांची जीप इथे थांबली. त्यांच्यात मालनबाई होत्या, बरोबर संघपाल. त्यानं ड्रायव्हरला पुढे चल म्हणून सांगून पाहिलं, पण बायांना चहा हवा होता. मालनबाईंना वाचता येत नाही. मात्र घरातल्या भिंतीवर पोराचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, त्यावरून बापाच्या नावासकट तेवढं एक नाव त्यांना ओळखता येतं. त्या पाटीपुढे थबकल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या.

"अगं बायांनो, इकडं या गं! माझ्या संघपालचं नाव! अन् ह्याच्या बापाचं बी! काय लिवलंय रं, बाबा?"

संघपालनं पाटीकडे पाहिलं. जे पाहिलं नाही ते कधी न लिहिलेला तो माणूस सावकाश वाचू लागला, "हे विमान संघपाल कडूबा यानं चांगलं सांभाळलं, असं लिवलंय, माय."

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पदर सावरून तडक गल्ल्यावर बसलेल्या शेठपुढे गेल्या. "मालक, लई मोठं मन तुमचं. लेक काम सोडून आल्ता, तरी नाव ठिवलं तुम्ही."

शेठ गडबडले, पण क्षणभरच. "चहा घ्या, मावशी. पैशे न्हाई लागत."

"पाह्यलं का?" त्या लेकाकडे वळल्या. "आरं, उभा काय राह्यला? जयभीम कर की मालकाला!"

संघपालनं हात जोडले. शेठनीही जोडले. मी या चौथऱ्यावर जखडलेला, तोंड आहे पण ऐन वेळी आवाज फुटत नाही, म्हणून सगळं बघत राहिलो. लाज मलाही वाटली, पण लाजेचा कुणाला काय उपयोग?

तुमचा चहा आला. जाता जाता एवढं एक करा. मालनबाई म्हणून गेल्यात की गावातल्या उरलेल्या बायांना घेऊन त्या परत येणार आहेत. त्यांच्यातही वाचता येणारी कुणी नसेल, आणि संघपाल बरोबर असेलच असं नाही. त्यांनी तुम्हालाच हाक मारून पाटी वाचायला सांगितली, तर लिहिलंय तसं वाचू नका. त्यानं वाचली तशी वाचा.